व्हिसलर-ब्लॅककॉम्बला पहिल्यांदा जाताय? आधी खाली कसं यायचं ते ठरवा

सह्याद्रीत गडावर जाणारा माणूस पायथ्याशी उभा राहून वर बघतो आणि आपला दम जोखतो. झेपलं नाही तर अर्ध्या वाटेवरून मागे फिरतो. कॅनडातल्या व्हिसलर-ब्लॅककॉम्ब या स्कीच्या डोंगरांवर सगळं उलटं आहे. इथे गोंडोलात, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद केबिनमध्ये बसून, गप्पा मारत, तुम्ही डोंगरावर पोचता. दम लागत नाही, घाम येत नाही. वर उतरून खाली बघितलं की मग कळतं, आता मागे फिरायचं म्हणजेच हा उतार उतरायचा.

मी नाशिकची, आता बरीच वर्षं व्हँकूवरजवळ बर्नाबीत. स्की शिकले एकोणचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून कोणी ना कोणी येतं आणि मीच त्यांना डोंगरावर घेऊन जाते. एवढ्या पाहुण्यांना उतरवून माझं एक मत पक्कं झालंय: नवशिक्याचा दिवस पडण्यामुळे वाया जात नाही. पडणारच. दिवस वाया जातो तो चुकीच्या लिफ्टमध्ये बसल्यामुळे. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते ‘काय काय बघाल’ असं नाही. कुठल्या दिवशी कुठपर्यंत जायचं आणि तिथून परत कसं यायचं, याचं ते गणित आहे.

दोन डोंगर, एक तिकीट

व्हँकूवरपासून उत्तरेला साधारण १२० किलोमीटरवर हे गाव आहे. दोन डोंगर शेजारी शेजारी आणि मध्ये फिट्झसिमन्स ओढ्याची दरी. व्हिसलर डोंगरावरचं स्कीइंग १९६६ साली सुरू झालं. त्याचं जुनं नाव लंडन माउंटन. तिथल्या खडकांत राहणारा मार्मट नावाचा गुबगुबीत प्राणी शीळ घालतो, त्यावरून व्हिसलर. ब्लॅककॉम्ब १९८० साली सुरू झाला तो व्हिसलरचा प्रतिस्पर्धी म्हणून. १९९७ मध्ये दोन्ही एका मालकाखाली आले आणि २०१६ पासून ते व्हेल रिसॉर्ट्स या अमेरिकी कंपनीकडे आहेत. डिसेंबर २००८ मध्ये पीक टू पीक गोंडोला सुरू झाला आणि खाली गावात न उतरता एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाता येऊ लागलं. ४.४ किलोमीटर लांब, मधल्या तीन किलोमीटरमध्ये एकही खांब नाही, दरीपासून उंची ४३६ मीटर, वेळ अकरा मिनिटं. काचेच्या तळाच्या दोन केबिन आहेत, त्यांची रांग वेगळी असते. एकदा बसा, पुरे.

आकार डोळ्यांपुढे यावा म्हणून सांगते. ब्लॅककॉम्बच्या सर्वांत उंच लिफ्टपासून पायथ्यापर्यंतचा उतार १,६०९ मीटर. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून थेट समुद्रापर्यंत घसरत येण्याइतकी ही उंची आहे, आणि ती एका डोंगराची. दोन्ही मिळून आठ हजार एकरांहून जास्त जागा आणि दोनशेहून अधिक खुणा केलेल्या वाटा. वाटेला इथे ‘रन’ म्हणतात, मीही पुढे तोच शब्द वापरते.

गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. गुलमर्ग गावच २,६५० मीटरच्या आसपास आहे आणि वरचा गोंडोला चार हजार मीटरच्या जवळ नेतो. विरळ हवेने डोकं धरतं. व्हिसलर गाव फक्त ६७५ मीटरवर आहे आणि सर्वांत उंच लिफ्ट २,२८४ मीटरवर. इथे श्वासाचा त्रास नाही. त्रास आहे तो ओल्या हवेचा, त्याकडे येतेच.

निघण्याआधी

हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. दोनपैकी एक डोंगर बहुधा मेमध्येही चालू असतो. नाताळ ते नववर्ष हा आठवडा आणि फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवाराला जोडून येणारा शनिवार-रविवार टाळा. त्या वेळी कॅनडा आणि अमेरिका दोघांनाही सुट्टी असते आणि रांगा गणेशोत्सवातल्या लालबागसारख्या. जानेवारीचा मध्य, मंगळवार ते गुरुवार, हा माझा आवडता काळ. थंडी पुरेशी, गर्दी कमी. मार्चमध्ये दिवस मोठा होतो, ऊन असतं, लहान मुलं घेऊन येणाऱ्यांना तो बरा.

तिकीट ऐनवेळी खिडकीवर घेऊ नका. गर्दीच्या दिवसांत एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट दोनशे कॅनेडियन डॉलरच्या वर जातं. भारतातून येणाऱ्यांसाठी एपिक डे पास बरा पडतो. किती दिवस स्की करणार ते आधी सांगून तो विकत घ्यायचा. मात्र त्याची विक्री हंगामाच्या सुरुवातीलाच, साधारण डिसेंबरच्या आरंभी थांबते. जानेवारीत विमानाचं तिकीट हातात घेऊन पास शोधायला लागलात तर उशीर झालेला असतो. कॅनडात किंवा शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्यांसाठी एज कार्ड आहे, ते आणखी स्वस्त. अगदी पहिल्यांदाच जात असाल तर सगळ्या डोंगराचा पास न घेता नवशिक्यांचा धडा, भाड्याचं सामान आणि मर्यादित लिफ्ट असं एकत्र मिळतं का ते बघा. पहिल्या दिवशी तुम्ही दोनच लिफ्ट वापरणार आहात.

विम्याकडे सगळे काणाडोळा करतात. आई-बाबांसाठी घेतलेल्या प्रवासी विम्यात ‘हिवाळी खेळ’ वगळलेले असू शकतात. बारीक अक्षरातला तो परिच्छेद शोधा. पाहुण्यांना इथली सरकारी आरोग्य योजना लागू नाही. मोडलेलं मनगट आणि अँब्युलन्स यांचा पूर्ण खर्च आपला.

रस्ता म्हणजे हायवे ९९, सी टू स्काय. डावीकडे समुद्राची खाडी, उजवीकडे कडा. देखणा आहे, म्हणूनच चालवणाऱ्याने बघू नये. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. भाड्याची गाडी घेताना काउंटरवरच्या मुलावर विश्वास न ठेवता टायरवरची खूण स्वतः बघा. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर व्हँकूवरहून बस पकडा, दीड-दोन तासांत गावात सोडते. गावाच्या मधल्या भागात गाड्यांना बंदी आहे, तेव्हा गाडीची गरज पडत नाही.

बूट, बूट आणि मग बाकीचं

पैसे कमी असतील तर जॅकेट उसनं घ्या, स्की जुन्या घ्या, पण बुटांसाठी वेळ द्या. पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजतात, तेच स्की-बुटाचं माप. आपल्याकडचा नियम ‘एक नंबर मोठा घ्यावा, मोजे जाड असतात’ हा इथे पूर्ण चुकीचा. बूट घट्ट हवा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ती सुटली पाहिजेत. आत एकच पातळ, लांब मोजा, लोकरीचा. दोन मोजे घातले की सुरकुती पडते आणि दुपारपर्यंत फोड येतो. माझ्या एका पाहुण्याने थर्मल पायजमा बुटात खोचला होता. दहा वाजता तो पायऱ्यांवर बसून बूट काढत होता. पायजमा बुटाच्या वरच संपला पाहिजे, आत फक्त मोजा.

दुकानात फॉर्म भरताना वजन खरं सांगा. हसू नका, हे गंभीर आहे. बूट स्कीला ज्या यंत्रणेने अडकतो तिला बाइंडिंग म्हणतात. पडताना किती जोर आल्यावर ते सुटावं, हे तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरवतात. दहा किलो कमी सांगितलंत तर स्की मधेच निसटेल. कौशल्य जास्त सांगितलंत तर पडताना सुटणार नाही आणि गुडघा पिळेल. ‘नवशिका’ या चौकोनात खूण करायला कमीपणा वाटू देऊ नका. नवशिक्याला स्कीची उंची हनुवटीपासून नाकापर्यंत पुरे. छोटी स्की लवकर वळते.

कपड्यांत सुती काही नको. बनियनसुद्धा. सूत भिजलं की सुकत नाही आणि अंगाची ऊब शोषून घेतं. आतून लोकर किंवा पॉलिएस्टर, मधे फ्लीस, वरून पाणी न शिरणारं जॅकेट आणि तसलीच पँट. समुद्र जवळ असल्यामुळे इथला बर्फ ओला असतो आणि पायथ्याशी चक्क पाऊस पडतो. लेह-मनालीत चालणारं कापसासारखं फुगलेलं जॅकेट इथे तासाभरात गोधडी होतं. हेल्मेट घ्याच. गॉगलला ढगाळ दिवसासाठी पिवळी किंवा गुलाबी काच असेल तर उत्तम.

स्की की स्नोबोर्ड?

पहिल्या दिवशी स्की सोपी. दोन पाय वेगळे, तोंड पुढे, चालता येतं. पण पुढे ती नीट जमायला वर्षं जातात. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला अडकवून आडवं उभं राहायचं. त्याचे पहिले दोन-तीन दिवस ढुंगण आणि मनगटं शेकून निघतात, नंतर मात्र प्रगती झपाट्याने होते. तीनच दिवस असतील तर स्की करा, असं मी सांगते. विशीतला मुलगा असेल, आठवडा हातात असेल, तर बोर्ड करू द्या, पण मनगटाचे गार्ड घालून. चाळिशीपुढच्यांनी गुडघ्यांना विचारून ठरवावं. बोर्डवर गुडघे सहसा वाचतात, मनगट आणि माकडहाड सापडतं.

बोर्डवर कुठला पाय पुढे? बेसावध असताना मागून कोणी हलकेच ढकललं की जो पाय आधी पुढे पडतो, तो बहुतेकांचा पुढचा पाय. घरीच करून बघा, दुकानात विचारतातच.

पहिले दोन तास

धडा घ्या. नवऱ्याकडून, भावाकडून, माझ्याकडूनसुद्धा शिकू नका. मी मुलीला स्वतः शिकवायला गेले होते, त्या सकाळनंतर आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. तरी धड्यात काय होणार ते आधी ठाऊक असलं तर धास्ती कमी होते.

आधी सपाटीवर एकाच पायात स्की घालून ढकलत फिरायचं, मग दुसऱ्या पायात. बाइंडिंगमध्ये बूट घालण्याआधी तळव्याला चिकटलेला बर्फ पोलने, म्हणजे हातातल्या काठीने, खरवडून काढा, नाहीतर ‘खट्’ आवाज येतच नाही आणि माणसाला वाटतं यंत्र बिघडलं. उतारावर स्की घालायची तर उताराला आडवं उभं राहून, आधी खालच्या बाजूचा पाय.

मग थांबायला शिकायचं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा पाचर आकार करायचा. शिक्षक मुलांना ‘पिझ्झा’ म्हणतात, कारण तो तुकड्यासारखा दिसतो. टाचा बाहेर ढकलल्या की वेग कमी होतो. जोर गुडघ्यांनी लावायचा नाही, पूर्ण पायाने लावायचा. आणि वजन पुढे. भीती वाटली की शरीर आपोआप मागे झुकतं, बसायला गेल्यासारखं, आणि मागे झुकलं की स्कीच्या पुढच्या भागावरचं वजन जातं आणि ती ऐकेनाशी होते. हाच एक धडा मला सर्वांत उशिरा कळला: भीती वाटेल तेव्हा नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबायची. उलटं वाटतं, पण तेव्हाच स्की ताब्यात येते.

वळायचं असेल तर ज्या बाजूला वळायचं तिच्या विरुद्ध पायावर वजन द्या. डावीकडे जायचं, उजव्या पायावर दाब. नजर जिथे जायचंय तिथे. झाडाकडे बघितलंत तर झाडाकडेच जाल. पडायचंच झालं तर बाजूला पडा, आणि उठताना स्की उताराला आडव्या करून मगच उठा. खाली तोंड केलेल्या स्कीवर उठणारा माणूस उठता उठताच निघून जातो.

बोर्डवाल्यांचा क्रम वेगळा. आधी एकच पाय अडकवून घसरणं, मग दोन्ही अडकवून टाचेच्या धारेवर उभं राहून उताराला आडवं हळूहळू खाली येणं, मग झाडावरून पान पडतं तसं डावीकडे-उजवीकडे डोलत उतरणं. मगच पंजाची धार आणि वळण. एक सूत्र लक्षात ठेवा: जी धार उताराच्या खालच्या बाजूला असते ती बर्फात रुतली की माणूस सरळ आपटतो. खालची धार कायम उचललेली हवी.

खुर्ची लिफ्ट

नवशिक्यांचा खरा अपघात इथे होतो आणि सगळ्यांसमोर होतो. पाठीवरची बॅग काढून पुढे घ्या. पोल एका हातात. बोर्डवाल्यांनी मागचा पाय मोकळा. पुढची खुर्ची गेली की रेषेपर्यंत या, मान वळवून खुर्ची बघा, टेकली की बसा. आडवी दांडी खाली घ्या, पण आधी शेजाऱ्याला सांगून, नाहीतर हेल्मेटवर आदळते. उतरताना स्कीची टोकं वर, उभं राहायचं आणि सरळ जात राहायचं. उतरल्या जागी थांबून ‘कुठे जायचं रे?’ असं विचारणारा माणूस मागच्या चौघांना पाडतो. भीती वाटत असेल तर चालकाला हात करून ‘पहिली वेळ’ सांगा, तो खुर्ची हळू करतो. त्यात लाज नाही, मी तीन दिवस करत होते.

दिवसवार: कुठपर्यंत जायचं

उत्तर अमेरिकेत रनच्या खुणा अशा: हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मध्यम, काळी चौकट कठीण, दोन काळ्या चौकटी म्हणजे तुमचा-माझा संबंध नाही. पत्त्यातली चौकट आठवा. या खुणा त्याच रिसॉर्टमधल्या इतर वाटांच्या तुलनेत असतात. व्हिसलरचा निळा हा एखाद्या छोट्या टेकडीवरच्या काळ्याला भारी पडू शकतो. युरोपात स्की केलेल्यांनीही जपावं. तिथे निळा म्हणजे सोपा, इथे नाही.

पहिला दिवस. व्हिसलर व्हिलेज गोंडोलाने वर जाताना मधलं स्टेशन लागतं, ऑलिंपिक स्टेशन. तिथे उतरा. शिकण्याची राखीव जागा तिथे आहे, सरकता गालिचा आहे, छोटी लिफ्ट आहे. दुसरा पर्याय ब्लॅककॉम्बच्या पायथ्याची मॅजिक चेअर. दिवसभर तिथेच. परतताना गोंडोलात बसून खाली. कितीही चांगलं जमलं तरी ऑलिंपिक स्टेशनपासून गावापर्यंत घसरत जाण्याचा मोह पहिल्या दिवशी आवरा. खालचा भाग दुपारी कडक आणि गर्दीचा असतो आणि पाय थकलेले असतात.

दुसरा दिवस. त्याच गोंडोलाने शेवटपर्यंत, राउंडहाउस लॉजला. एमराल्ड एक्सप्रेस ही लिफ्ट शोधा. तिच्याभोवती हिरव्या वाटांचं जाळं आहे, लहान मुलांचे गट तिथेच असतात. या एका लिफ्टवर वर-खाली, वर-खाली, दिवसभर. कंटाळवाणं वाटेल. पण एकच रन आठ वेळा केली की पाचव्या खेपेला उतार ओळखीचा होतो, आणि आठव्या खेपेला तुम्ही पायांकडे न बघता समोर बघता. गावाकडे पुन्हा गोंडोलानेच.

तिसरा दिवस. पीक टू पीकने ब्लॅककॉम्बला. तो राउंडहाउसहून निघून रॉन्देवू लॉजला पोचतो. तिथून ग्रीन लाइन नावाची हिरवी वाट डोंगराच्या अंगाने पायथ्यापर्यंत जाते. बरीच लांब आहे, एका दमात करू नका. पाय भाजायला लागले की कडेला उभं राहा. जमत नसेल तर ब्लॅककॉम्ब गोंडोलाने उतरता येतं. जमत असेल तर जर्सी क्रीम लिफ्टवरच्या निळ्या रन आजमावा. रुंद आहेत, चुकायला जागा आहे. आणि घड्याळ बघा. मुक्काम किंवा गाडी व्हिसलरच्या बाजूला असेल तर पीक टू पीक बंद होण्याआधी परत या. डिसेंबर-जानेवारीत वरच्या लिफ्ट तीनच्या सुमारास थांबतात. दोन्ही डोंगरांचे पायथे गावात जवळजवळच आहेत म्हणा, तेव्हा चुकलात तरी चालत दहा-पंधरा मिनिटांत घर गाठाल, पण स्की-बुटात चालणं म्हणजे शिक्षाच.

चौथा दिवस, म्हणजे हिरव्या वाटा न पडता होऊ लागल्या असतील आणि आकाश निरभ्र असेल तरच. हार्मनी लिफ्टने वर. झाडं संपतात, उघडे पांढरे कटोरे दिसतात, समोर ब्लॅक टस्क नावाचा काळा सुळका. इथून मागच्या बाजूने बर्न्ट स्टू नावाची हिरवी वाट आहे, डोंगराला वळसा घालून परत आणते. स्कीवाल्यांसाठी ती देखणी, निवांत. बोर्डवाल्यांसाठी मात्र तिच्यात सपाट पट्टे आहेत.

हे मी अनुभवाने सांगते. भाचा नाशिकहून आला होता, बोर्डवर चौथा दिवस, दुपारचे अडीच. ‘मावशी, अजून एक’ म्हणाला आणि मीही हो म्हटलं. सपाट पट्ट्यावर त्याचा बोर्ड थांबला. स्कीवाल्याला पोलने ढकलत जाता येतं, बोर्डवाल्याला बोर्ड काढून चालावं लागतं. पोराने बोर्ड काखेत मारून ओल्या बर्फात पायपीट केली, मी पुढे जाऊन थांबायची, तो यायचा, धापा टाकत बसायचा. राउंडहाउसला पोचलो तेव्हा खाली जाणाऱ्या गोंडोलात जवळजवळ शेवटचेच होतो. चूक पूर्णपणे माझी. बोर्डवाल्यांना घेऊन जाताना सपाट पट्टा येण्याआधीच वेग घ्यायला सांगायचा असतो, आणि अडीचनंतर लांबची लिफ्ट घ्यायची नसते.

पाचवा दिवस, किंवा पुढच्या वर्षी. निळ्या वाटा सहज होत असतील तर पीक एक्सप्रेसने व्हिसलरच्या शिखरावर. वर जाताना खालच्या कड्यांवरून लोक उड्या मारताना दिसतात, त्यांच्याकडे बघून घाबरू नका, मागच्या अंगाने सभ्य वाट आहे. तिथून पीक टू क्रीक सुरू होते, जवळपास ११ किलोमीटरची निळी रन, शिखरापासून थेट क्रीकसाइडपर्यंत, म्हणजे व्हिसलर डोंगराच्या दुसऱ्या पायथ्यापर्यंत. माझ्या मते अख्ख्या रिसॉर्टमधली सर्वांत सुंदर वाट. सकाळी करा, खालचा भाग ऊन-पावसाने खराब होण्याआधी. क्रीकसाइडला २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या अल्पाइन शर्यती झाल्या होत्या. जमयांग नामग्याल भारतातर्फे जायंट स्लॅलम या शर्यतीत तिथेच उतरला होता.

ढग आणि पाऊस

गावात पाऊस बघून बेत रद्द करणारे पाहुणे मी खूप बघितलेत. अंदाजात तापमानापेक्षा ‘फ्रीझिंग लेव्हल’ बघा, म्हणजे किती मीटरच्या वर पाणी बर्फ होतंय. ती १,२०० मीटर असेल तर गावात पाऊस आणि राउंडहाउसला मस्त ताजा बर्फ. ती दोन हजारांच्या वर गेली तर मात्र खुशाल कॉफी पीत बसा.

ढग डोंगरावर बसला की झाडांच्या वरच्या भागात जमीन आणि आकाश एकच होतं. उंचवटा, खड्डा काही दिसत नाही. आपण थांबलोय की घसरतोय हेही कळत नाही, पोटात ढवळतं. इथले लोक याला फ्लॅट लाइट म्हणतात. अशा दिवशी हार्मनी, पीक, ब्लॅककॉम्बवरची उंच लिफ्ट सेव्हन्थ हेवन सगळं विसरा आणि झाडांमधल्या रनवर राहा. काळ्या खोडांमुळे उतार नजरेला सापडतो.

ज्या गोष्टींना हसू नये

पुढे असलेल्या माणसाचा हक्क पहिला. तुम्ही मागून येताय म्हणजे टाळायचं काम तुमचं, तो कितीही वेडावाकडा वळत असला तरी. थांबायचं तर कडेला, आणि वरून दिसेल अशा जागी. उंचवट्याच्या लगेच खाली कधीच नाही.

दोरी म्हणजे दोरी. पलीकडे ताजा, अस्पर्श बर्फ दिसतो, दोन माणसांच्या खुणाही दिसतात. जाऊ नका. सकाळी वरून धडाम आवाज येतात ते स्की पॅट्रोलचे, म्हणजे डोंगरावरच्या सुरक्षा पथकाचे. हिमस्खलन माणसं यायच्या आधीच पाडून टाकण्यासाठी ते स्फोट करतात. हे काम दोरीच्या आतल्या भागासाठी होतं. बाहेर तुम्ही आणि तुमचं नशीब.

तिसरी गोष्ट भारतातून येणाऱ्या कोणालाच माहीत नसते. देवदारासारख्या झाडांच्या खालच्या फांद्यांमुळे खोडाभोवती बर्फ दाबला जात नाही, पोकळ विहीर तयार होते. मोठ्या हिमवृष्टीनंतर कोणी त्यात डोकं खाली होऊन पडला तर स्वतःहून बाहेर येता येत नाही आणि गुदमरतो. म्हणून खोल बर्फाच्या दिवशी झाडांत शिरू नका, आणि जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका. नकाशावर स्की पॅट्रोलचा नंबर छापलेला असतो, तो सकाळीच फोनमध्ये घाला. कोणी पडलं आणि उठेना, तर वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवा, जवळच्या लिफ्टचा खांब किंवा पाटी कुठली ते बघा आणि फोन करा. फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंडीत बॅटरी अर्ध्यावरून थेट शून्यावर येते.

जेवण

बारा ते एक राउंडहाउसला बसायला जागा मिळत नाही. साडेदहाला खा किंवा दीडला. शाकाहाऱ्यांना चिली (राजम्याचा रस्सा), सूप, फ्राइज यापलीकडे फार अपेक्षा नको, भावही डोंगराच्या उंचीचे. आमच्या घरी खिशात दशम्या असतात, दुधात भिजवलेल्या, थंडीत मऊ राहतात, आणि शेंगदाण्याची चिक्की. चिक्की मात्र गारठ्यात दगड होते, आतल्या खिशात ठेवा, नाहीतर दाढ जाईल. पाणी प्या. थंडीत तहान लागत नाही आणि तीन वाजता पोटऱ्या आखडतात, तेव्हा लोक म्हणतात वय झालं.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर अंघोळीच्या आधी बूट. आतलं अस्तर निघत असेल तर बाहेर काढून खोलीतल्या हवेत ठेवा. हीटरवर किंवा शेकोटीजवळ नको, प्लॅस्टिकचा आकार बिघडतो. सकाळी अस्तर परत घालून बकल सैलसर लावून ठेवा आणि बूट रात्रभर गाडीत ठेवू नका. गार बुटात सकाळी पाय शिरत नाही, आणि चौघांपैकी एकाचा पाय शिरला नाही की बाकीच्या तिघांची पहिली लिफ्ट चुकते.